वाजतो तो तास

प्रश्न: ‘घटका गेली, पळे गेली, तास वाजे झणाणा’ या ओळीत घटका, पळ आणि तास ही मापं चढत्या क्रमाने का नाहीत? घटका नेमकी किती मिनिटांची?

उत्तर: घटका 24 मिनिटांची, पळ 24 सेकंदांचं. साठ पळांची घटका, साठ घटकांचं अहोरात्र. हे कुठल्याही पंचांगात सापडेल.

खरा घोळ ‘तास’चा अर्थ साठ मिनिटं असा लावल्यामुळे होतो. सूत्रसंचालकांपासून ढकलसंदेशांपर्यंत सगळीकडे हेच ऐकून कान किटले. अहो, साठ मिनिटं झणाणा वाजतील कशी? वाजते ती थाळी. या ओळीतला तास म्हणजे टोले द्यायची धातूची जाड थाळी.

घंगाळात पाणी, त्यावर सोडलेली तांब्याची वाटी, वाटीच्या बुडाला बारीक भोक. पाणी खालून चढत जातं आणि काठाशी आलं की वाटी डुबकन तळाला जाते. झाली एक घटका. राखणीला बसलेला माणूस वाटी काढणार, रिती करून पुन्हा सोडणार आणि तासावर टोला हाणणार. ‘घटका भरली’ ते यावरून. (‘पापाची घटका भरली’ म्हणणाऱ्यांनो, पापाचा भरतो तो घडा!) बाबरानेही आपल्या आठवणींत ही पद्धत वर्णिली आहे. रात्री जाग आलेल्याला नुसत्या घटकांच्या टोल्यांवरून प्रहर कुठला ते कळेना, म्हणून त्याने घटकांपाठोपाठ प्रहराचेही टोले द्यायला लावले.

आता खरी गंमत. फारसी-अरबीत ‘तास’ म्हणजे वाटी, पेला. फ्रेंच माणूस कॉफी पितो त्या कपालाही ‘तास’च म्हणतो, तेही याच अरबी शब्दावरून. आपला ताशा त्याच घराण्यातला. त्याचं वाटीसारखं भांडं बघा. म्हणून माझं ठाम मत असं की हे नाव मुळात थाळीचं नव्हेच, पाण्यात बुडणाऱ्या वाटीचं आहे. चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकाने फिरोजाबादेत कालयंत्र बसवलं, त्याचं नाव ‘तास-ए-घडियाल’. घडियाल जर थाळी, तर तास कोण? वाटीच! पुढे वाटीचं नाव थाळीला गेलं, थाळीचं टोल्याला, आणि विलायती घड्याळं आल्यावर ते साठ मिनिटांना चिकटलं. थाळीपाशीच थांबणाऱ्या विद्वानांनी थाळीतून पाणी पिऊन दाखवावं.

नांगराच्या रेघेलाही तास म्हणतात, त्याचा ‘तासणे’शी हवा तर संबंध जोडा. पण ‘दिवस तासून केलेले तुकडे म्हणजे तास’ ही व्युत्पत्ती मला पुन्हा कुणी पाठवू नये.

क्रमाचं विचारलं होतंत, नाही का? तासच मोजणीतून उठला, तेव्हा उरली घटका आणि पळं. त्यांची अदलाबदल करून ओळ म्हणून बघा. चाल कुठे अडखळते ते जिभेलाच कळेल.