घरातून कॉलेजात जाणारे तुम्ही पहिलेच असाल तर

शहादा तालुक्यातील गावाहून तुम्ही जळगावला विद्यापीठात एम.ए.साठी आला आहात, घरात कॉलेजची पायरी चढणारे तुम्हीच पहिले आहात, आणि दोन महिने झाले तरी आपण चुकून इथे आलो आहोत असे वाटते. अशा स्थितीत रुळायचे कसे, असा तुमचा प्रश्न आहे. मी पारोळा तालुक्यातील कोरडवाहू शेतकऱ्याची मुलगी. याच परिसरात दोन वर्षे वसतिगृहात राहिले, त्या अनुभवावरून लिहिते.

पहिल्या सत्रात मला वाटायचे की बाकीचे हुशार आहेत आणि मी नाही. खरा फरक निघाला तो घरात कानांवर पडलेल्या गोष्टींचा. ज्याचा मोठा भाऊ किंवा आत्या याच वाटेने गेलेली असते, त्याला अंतर्गत गुण कशाचे मिळतात, एका विषयात राहिलो म्हणजे वर्ष बुडाले असे नसते, तास संपल्यावरही शिक्षकांना त्यांच्या खोलीत जाऊन भेटता येते, हे सगळे जेवता-जेवता कळलेले असते. आपल्याला ते कोणी सांगत नाही, कारण ते सांगण्यासारखे आहे हेच कोणाच्या ध्यानात येत नाही. महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावरचा शिष्यवृत्तीचा अर्ज मी पहिल्या वर्षी भरला आणि दुसऱ्या वर्षी तो आपोआप पुढे जाईल असे समजून स्वस्थ बसले. नूतनीकरणाचा अर्ज आपणच भरायचा असतो, हे मुदत संपत आली तेव्हा एका मैत्रिणीच्या बोलण्यातून कळले, आणि उत्पन्नाच्या दाखल्यासाठी वडिलांना फवारणी अर्धवट टाकून तहसील कचेरी गाठावी लागली. त्यानंतर मी एक नियम केला: नोटीस फलकावर न कळलेला शब्द दिसला की त्याच दिवशी वरच्या वर्गातील कोणाला तरी विचारायचा. कोणी हसले नाही. उलट निम्म्यांनी ‘मलाही ठाऊक नव्हते’ अशी कबुली दिली.

‘कमवा व शिका’ योजनेत जागा असेल तर जरूर अर्ज करा. मानधन थोडे असते, पण मी ग्रंथालयात काम केले आणि कोणत्या खिडकीवर कोणते काम होते, हे मला तिथेच समजले.

भाषेबद्दल तुम्ही ओझरते लिहिले आहे, पण माझ्या मते खरे दुखणे तिथेच आहे. एका चर्चासत्रात मी ‘आहे’ऐवजी आपल्या अहिराणी बोलीतले ‘शे’ म्हणून गेले, वर्ग हसला आणि पुढचा महिनाभर मी तोंड उघडले नाही. प्रमाण मराठी शिकून घ्या, कारण उत्तरपत्रिका त्याच भाषेत लिहायची आहे. मात्र तोंडून अहिराणी निसटेल या धास्तीने मनातली शंका गिळू नका. आपल्या विद्यापीठाला 2018 साली ज्या बहिणाबाई चौधरींचे नाव दिले गेले, त्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते आणि त्यांच्या ओव्या त्यांच्याच बोलीत आहेत. माझ्या मनात हे वर्ग हसला तेव्हा आले नाही, पुष्कळ नंतर आले.

राहिला घरचा प्रश्न. आपल्याकडे कापसाची वेचणी आणि हिवाळी सत्राची परीक्षा साधारण एकाच सुमारास येतात. मजूर मिळत नाहीत, घरून फोन येतो, आणि ‘सत्र’ म्हणजे काय हे आईवडिलांना कोणी समजावलेले नसते. त्यांच्या लेखी परीक्षा मार्चमध्येच असते. मी पहिल्या वर्षी चिडून भांडले आणि शेवटी दोन पेपरांच्या मधल्या सुट्टीत वेचणीला गेलेच. दुसऱ्या वर्षी पोळ्याला घरी गेले तेव्हाच दिनदर्शिकेवर पेपरांच्या अंदाजे तारखांभोवती वर्तुळे काढून ठेवली, आणि पेपर संपल्यावर सलग आठ दिवस येईन असे आईला सांगितले. त्या हंगामात फोन आला तो फक्त पेपर कसा गेला हे विचारायला. तुम्हीही परीक्षेचा सुमार आधी विभागात विचारून घ्या आणि वेचणी सुरू होण्यापूर्वी घरी कळवा.