नवे प्लांट हेड आल्यापासून जुन्या सवलती बंद होतायत. जुळवून कसं घ्यायचं?

तुम्ही लिहिलंय की महापेच्या कारखान्यात साहेब बदलले, ठाण्याहून येणाऱ्यांची पंधरा मिनिटांची सूट गेली आणि शटडाउनच्या (दुरुस्तीसाठी प्लांट बंद ठेवतात त्या) रविवारांचे कॉम्प-ऑफही, म्हणजे सुट्टीच्या दिवशी केलेल्या कामाच्या बदली रजाही, अडकल्यात. ‘नव्या साहेबांचा स्वभाव ओळख, त्यांच्या कलाने घे,’ असं तुम्हाला आतापर्यंत दहा जणांनी सांगितलं असेल. मला हा सल्ला अजिबात पटत नाही. स्वभाव कळायला सहा महिने जातात, तोवर कॉम्प-ऑफ लॅप्स होतात.

तोंडी ठरलेलं साहेबांबरोबरच जातं. नवा माणूस पंचिंगचा रिपोर्ट बघतो. साडेआठच्या शिफ्टला रोज ८.४३ दिसलं की त्याच्या लेखी तुम्ही रोजचे लेट. घणसोलीला उतरल्यावरची शेअर रिक्षाची रांग त्या रिपोर्टमध्ये कुठून येणार? यात त्याचा दोष नाही.

खरं तर तोंडी ठरलेलं लेखी करून घ्यायचं काम जुन्या साहेबांच्या नोटीस पिरियडमध्येच व्हायला हवं. त्यांना एक मेल, एचआरला सीसी. त्यात कॉम्प-ऑफचा तक्ता: तारीख, आत-बाहेरची वेळ, कुणी बोलावलं, काम काय केलं. ‘मेंटेनन्स’ असं मोघम नको, ‘फीड पंपाचं मेकॅनिकल सील बदललं’ असं लिहा. खाली ‘कृपया कन्फर्म करा’. साहेब गेलेच असतील, तर गेट एंट्री आणि त्या दिवशीचं वर्क परमिट (प्लांटमधल्या कामाचा लेखी परवाना) काढा, त्यावर नाव आणि वेळ दोन्ही सापडतात. हा तक्ता आणि चालू कामांची यादी घेऊन नव्या साहेबांकडे पंधरा मिनिटं मागा.

रजेचं पोर्टलही तपासा. रिपोर्टिंग मॅनेजर बदलला नसेल, तर रजेचा अर्ज जुन्या साहेबांच्या बंद आयडीवर पडून राहतो आणि एचआर म्हणतं, अर्जच आला नाही. स्क्रीनशॉट घ्या, नाव बदलून घ्या, अर्ज रद्द करून पुन्हा टाका. अप्रेझलच्या वर्षाच्या मध्येच साहेब जात असतील, तर तोवरच्या कामाचा शेरा त्यांच्याकडूनच लिहून घ्यायचा.

आता सूट. रूढ झालेली सवलत काढायची तर आधी २१ दिवसांची नोटीस द्यावी लागते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात हे कलम ९-अ होतं, २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत ते कलम ४० आहे. पण ‘रूढ’ म्हणजे किती वर्षं, किती जणांना, हे तुम्हालाच दाखवावं लागेल. जुने पंचिंग रिपोर्ट इथे कामी येतात. ‘कागद मागणारा साहेबांच्या डोळ्यांवर येतो,’ असं सीनियर मंडळी अजून नव्या पोरांना सांगतात. चूक आहे ते. ज्याच्याकडे कागद नसतो, तोच आधी सापडतो.

एक राहिलं. हे कलम कामगारांसाठी आहे, मॅनेजरना लागू नाही, आणि ठरावीक रकमेपेक्षा जास्त पगार असलेल्या सुपरवायझरनाही नाही. आणि कंपनीचे मेल स्वतःच्या जीमेलवर फॉरवर्ड करू नका, त्यावरून उलट तुमच्यावरच कारवाई होऊ शकते. तारखा डायरीत उतरवून ठेवा.