शाळेतून घरी आलेली मादागास्करची झुरळे : अंड्यांची पेटी, फुत्कार आणि घरभर होण्याची भीती

आपण कॅनडातून विचारले आहे की, मुलीच्या वर्गातली मादागास्करची मोठी झुरळे उन्हाळी सुट्टीपुरती आपल्या घरी आली आहेत, त्यांतल्या एका मादीच्या पोटाच्या टोकाकडून पिवळट, शेंगेसारखे काहीतरी बाहेर आले आणि थोड्या वेळाने नाहीसे झाले, तर ती आजारी आहे का. शिवाय डिवचल्यावर ती जोराने फुसकारतात ते कशाने, आणि चुकून सुटली तर घरात झुरळेच झुरळे होतील का. मी ही झुरळे बरीच वर्षे पाळत आलो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मादी आजारी नाही. आपण पाहिलेत ती तिची अंड्यांची पेटी होती. आपल्याकडे स्वयंपाकघरात किंवा मोरीत दिसणारे मोठे तांबूस झुरळ, म्हणजे अकरावीच्या जीवशास्त्रात अभ्यासले जाणारे पेरिप्लॅनेटा अमेरिकाना, आपली गडद तपकिरी, टणक पेटी कपाटामागे किंवा खोक्यांच्या बेचक्यात चिकटवून निघून जाते. तीत साधारण १४ ते १६ अंडी असतात आणि पुढे त्यांचे काय होते याच्याशी आईचा काही संबंध उरत नाही. मादागास्करचे झुरळ, ग्रोम्फाडोऱ्हिना पोर्टेन्टोसा, हे ब्लॅबेरिडी या वेगळ्या कुळातले आहे आणि या कुळाची रीतच निराळी. मादी पेटी तयार करताना ती हळूहळू शरीराबाहेर सरकवते, आडवी फिरवते आणि परत आत ओढून पोटातल्या एका खास पिशवीत ठेवते. या पेटीला टणक कवच नसते. पातळ, फिकट पिवळसर आवरणातून आत दाटीने लागलेल्या अंड्यांच्या रांगा उजेडात स्पष्ट दिसतात. पेटी बाहेर असताना मादीला हात लावू नये, डबा हलवू नये, कारण दचकलेली मादी कधीकधी पेटी टाकून देते आणि टाकलेल्या पेटीतून पिल्ले निघत नाहीत. आपल्या मादीने ती परत आत घेतली, म्हणजे सारे व्यवस्थित आहे.

त्यापुढे साधारण २ महिने अंडी तिच्या पोटातच वाढतात आणि मग ती जिवंत पिल्ले बाहेर टाकते, बहुधा १५ ते ४०. नुकतीच जन्मलेली पिल्ले पांढरीशुभ्र आणि मऊ असतात व काही तासांत तपकिरी होतात. आईच्या पोटाच्या टोकाकडून स्रवणारा चिकट द्रव ती जन्मल्याबरोबर खातात आणि पुढचे काही दिवस आईच्या अंगाखाली, अंगालगत घोळक्याने राहतात. ज्या प्राण्याला आपण केवळ घाणीशी जोडतो त्याच्यात अपत्यसंगोपनाची ही पद्धत असावी, याचे मला आजही अप्रूप वाटते. पिल्ले ६ वेळा कात टाकून साधारण ५ ते ७ महिन्यांत प्रौढ होतात, थंडी असेल तर याहूनही उशिरा, आणि प्रौढ झुरळ चांगले २ वर्षे, क्वचित ५ वर्षेही जगते. मध्येच एखादे झुरळ एकदम पांढरे झालेले दिसले तर तेही घाबरण्याचे कारण नाही. त्याने नुकतीच कात टाकलेली असते.

आता फुत्काराविषयी. बहुतेक कीटक आवाज काढतात तो शरीराचे दोन खरबरीत भाग एकमेकांवर घासून किंवा पंखांच्या हालचालीने. या झुरळाला पंखच नसतात, आणि त्याचा आवाज येतो तो श्वासाच्या वाटेने. कीटकांच्या अंगावर दोन्ही बाजूंना श्वासरंध्रे असतात. या जातीत पोटावरच्या रंध्रांची चौथी जोडी वेगळ्या घडणीची आहे, आणि पोटाचे स्नायू आवळून त्या अरुंद वाटेने हवा जोराने बाहेर सोडली की तो फुत्कार उमटतो. डिवचल्यावरचा फुत्कार नर, मादी आणि मोठी पिल्लेही करतात. पण नरांपाशी आणखी दोन कारणे असतात, एक दुसऱ्या नराशी झुंजण्याचे आणि दुसरे मादीची मनधरणी करण्याचे. झुंजीत ते डोक्यामागच्या ढालीवरील दोन उंचवट्यांनी एकमेकांना ढुशा देतात, पोटाने रेटतात, आणि जिंकणारा नर हरणाऱ्यापेक्षा जास्त फुसकारतो. मनधरणीचा आवाज तर इतका महत्त्वाचा की, प्रयोगात नरांची ती रंध्रे बंद करून त्यांना मुके केल्यावर त्यांचे मिलन फसले, आणि ध्वनिमुद्रित फुत्कार ऐकवल्यावर पुन्हा जमू लागले. आपल्या डब्यातले नर ओळखायचे तर तेच उंचवटे पाहावेत. नराच्या स्पर्शिकाही मादीपेक्षा जाड आणि केसाळ असतात.

घरभर होण्याची भीती मी समजू शकतो, पण ती या जातीला फारशी लागू नाही. जगात झुरळांच्या साडेचार हजारांहून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या जेमतेम ३० माणसाच्या घरात त्रास देतात. बाकीच्या रानात पालापाचोळा आणि कुजके लाकूड यांवर जगतात. हे झुरळही मादागास्करच्या जंगलात जमिनीवर, कुजलेल्या ओंडक्यांच्या आडोशाला राहते आणि गळून पडलेली फळे व पाने खाते. त्याला ऊब आणि दमटपणा लागतो, त्याची वाढ संथ असते, त्यामुळे कॅनडातल्या कोरड्या, हीटर लावलेल्या घरात त्याची वसाहत उभी राहणे अवघडच. तरीही त्याला अंगणात किंवा बागेत मुद्दाम सोडू नये. काचेवरूनही ते सहज चढते, म्हणून डब्याच्या आतल्या कडेला ३-४ बोटे रुंदीचा व्हॅसलिनचा पट्टा लावावा.

ते चावत नाही असे म्हटले तरी चालेल, मात्र पायांवरचे काटे टोचतात. पकड सोडत नसेल तर ओढू नये, खालून तळहात सरकवून उचलावे. अंगावर बारीक पांढरट माइट, म्हणजे गोचिडीच्या नात्यातले सूक्ष्म जीव, फिरताना दिसले तर औषध मारू नये. ते या झुरळाच्या पायांच्या खोबणीतला मळ व बुरशी खाऊन राहतात आणि त्याला इजा करत नाहीत. काळजी घ्यायची ती आपल्या बाजूने, कारण विष्ठा आणि डब्यात वाढणारी बुरशी यांमुळे काहींना ॲलर्जी होते. मुलीला दमा असेल तर डबा तिच्या झोपण्याच्या खोलीत ठेवू नये, आणि हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. खाण्याला गाजर, सफरचंदाची फोड आणि थोडे कोरडे डॉगफूड पुरते. पाण्यासाठी उघडी वाटी न ठेवता ओला स्पंज ठेवावा, नाहीतर पिल्ले बुडून मरतात.

आपल्याकडे ही झुरळे सुट्टीभर राहणार असतील तर पिल्ले आपल्याच घरी जन्मण्याची शक्यता बरीच आहे. ती १ सेंटिमीटरपेक्षाही लहान असतात आणि झाकणाची जाळी मोठी असली तर सहज बाहेर पडतात, म्हणून आत्ताच बारीक जाळी बसवून घ्यावी. शिक्षिकेलाही आजच कळवावे, म्हणजे वर्गाला एवढी पिल्ले हवी आहेत का, की पुढे नर आणि माद्या वेगळ्या डब्यांत ठेवायच्या, हे त्यांना वेळेत ठरवता येईल.