घड्याळ रोज चार मिनिटं पुढे पळतंय? आधी चाल कमी-जास्त करणाऱ्या रेग्युलेटरपासून हात लांब ठेवा

तुमची पोस्ट वाचताना वाटलं, हे माझंच घड्याळ. तुमचं नवं ऑटोमॅटिक (हाताच्या हालचालीने चावी भरणारं) सेको, महिनाभर रोज पाच-सहा सेकंद पुढे जायचं आणि एका आठवड्यात अचानक रोज चार मिनिटं पुढे पळायला लागलं. दुकानदार म्हणतो पूर्ण सर्व्हिसिंग लागेल, साडेतीन हजार. भरू का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते आज तरी भरू नका.

मी घड्याळजी नाही, हौशी माणूस आहे. तुमचं घड्याळ मी पाहिलेलं नाही, त्यामुळे चुकूही शकतो. पण तुमच्या पोस्टमधला 'अचानक' हा शब्द फार बोलका आहे. तेल सुकतं ते हळूहळू, काही वर्षांत. महिन्याभराचं घड्याळ एका आठवड्यात इतकं पुढे जायला लागलं, तर पहिला संशय लोहचुंबकाचा. आतली हेअरस्प्रिंग केसासारखी बारीक असते. तिला चुंबकत्व लागलं की वेटोळी एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते आणि बॅलन्स, म्हणजे चाल ठरवणारं मागेपुढे डोलणारं चाक, भराभर हलतो. (जोरात आपटूनही वेटोळी अडकतात. पडलं नव्हतं ना कुठे? ते लिहायचं राहिलंय तुमचं.)

माझ्या बाबतीत गुन्हेगार होता पलंगाशेजारचा ब्लूटूथ स्पीकर. रोज रात्री घड्याळ काढून त्याच्यावरच ठेवायचो, छान सपाट जागा म्हणून. आत केवढं चुंबक असतं हे माहीत असूनही डोक्यात आलं नाही.

बरं, संशय मला तेव्हाही आला होता. म्हणूनच पुढचं सगळं जास्त लागतं. ऑनलाइन मिळणारा निळ्या डबीचा डीमॅग्नेटायझर, म्हणजे चुंबकत्व काढणारं यंत्र, मागवला. घड्याळ डबीवर ठेवलं, बटण दाबलं, दोन सेकंदांनी सोडलं. दुसऱ्या दिवशी बघतो तर घड्याळ आणखीच पुढे. मी निष्कर्ष काढला की चुंबकाचा प्रश्न नाही, आणि डबी कपाटात टाकली. इथे मी माती खाल्ली. त्या डबीतल्या विजेची दिशा सेकंदाला शंभरदा उलटते. बटण दाबलेलं ठेवूनच घड्याळ सरळ वर, हळूहळू हातभर लांब न्यायचं असतं, म्हणजे तो उलटसुलट झटका विरत विरत शून्यावर येतो. घड्याळ डबीवर असतानाच बटण सोडलं तर वीज मध्येच कुठेतरी तुटते आणि त्या क्षणाचं चुंबकत्व घड्याळात तसंच राहतं. म्हणजे औषध बरोबर, घ्यायची रीत चुकली, आणि मी रोगच खोडून टाकला. (बटण पाच-सात सेकंदांपेक्षा जास्त दाबून ठेवू नका, डबी तापते.)

मग गेलो एका चकाचक सर्व्हिस सेंटरमध्ये. नाव सांगत नाही, कृपया व्यनि (खाजगी निरोप) करूनही विचारू नका. काउंटरवरच्या मुलाने घड्याळ कानालाही न लावता सांगितलं, "सर, उन्हाळा आहे, मेकॅनिकल पुढे पळणारच." अहो, उष्णतेने स्प्रिंग बिघडायचा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी सुटला! निकेल-पोलादाच्या मिश्रधातूंवरच्या कामासाठी शास्त्रज्ञ गियोम यांना १९२० सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि आजच्या बहुतेक हेअरस्प्रिंगा त्याच घराण्यातल्या मिश्रधातूंच्या असतात. स्वित्झर्लंडमध्ये क्रोनोमीटरची, म्हणजे अचूकतेचं प्रमाणपत्र मिळणाऱ्या घड्याळांची, चाचणी ८, २३ आणि ३८ अंशांवर होते. पुण्याचा एप्रिल त्याहून चारपाच अंश वर गेला म्हणून चार मिनिटं? पण तेव्हा मी मुकाट्याने पावती घेतली.

सहा आठवडे. फोन केला की "पार्टची वाट बघतोय". कोणता पार्ट, ते कोणी सांगेना. शेवटी घड्याळ मिळालं तेव्हा बिलावर 'सर्व्हिसिंग व रेग्युलेशन' आणि दोन हजार आठशे रुपये. चाल होती रोज दहा सेकंद पुढे. मी खूश. तीन आठवड्यांनी पुन्हा कधी एक मिनिट पुढे, कधी दोन मिनिटं मागे, दिशाच कळेना.

शेवटी पेठेतल्या एका म्हाताऱ्या घड्याळजींकडे गेलो. त्यांनी ड्रॉवरमधून शाळेच्या कंपासपेटीतलं असतं तसं होकायंत्र काढलं आणि घड्याळ त्याच्या शेजारून फिरवलं. सुई घड्याळामागे कुत्र्यासारखी फिरली. मग मागचं झाकण उघडून भिंग माझ्या हातात दिलं. रेग्युलेटरची बारकीशी दांडी वजाच्या (चाल मंद करणाऱ्या) टोकाला जाऊन टेकली होती, आणि शेजारच्या स्क्रूच्या डोक्यावर ताजा ओरखडा. म्हणजे सेंटरने चुंबकत्व काढलंच नव्हतं. पुढे पळणारं घड्याळ दांडी ओढून मागे खेचलं आणि बिल फाडलं. आजोबांनी चुंबकत्व काढलं तसं घड्याळ रोज तीन मिनिटांच्या वर मागे पडायला लागलं, म्हणून दांडी पुन्हा मधे आणली. दीडशे रुपये घेतले. ओरखडा अजून आहे.

म्हणून सांगतो, चुंबकत्व नीट निघाल्याशिवाय कोणालाही रेग्युलेटर हलवू देऊ नका. 'सेटिंग करून देतो' म्हणणाऱ्याला तर अजिबातच नाही.

आता अपेक्षेबद्दल. दिवसाचे ८६,४०० सेकंद. रोज सहा सेकंदांचा फरक म्हणजे दहा हजारांत एकापेक्षाही कमी चूक. क्रोनोमीटर प्रमाणपत्राची मर्यादाच दिवसाला सरासरी वजा ४ ते अधिक ६ सेकंद आहे. तुमच्या सेकोमधल्या ४आर३६ यंत्राला कंपनी स्वतःच अधिक ४५ ते वजा ३५ म्हणते, त्यामुळे आधीच्या पाच-सहा सेकंदांवर तुम्ही नशीबवान होता. बॅटरीवरच्या क्वार्ट्झशी तुलना करू नका, साधं क्वार्ट्झही महिन्याला पंधरा-वीस सेकंदांच्या आत राहतं. माझ्या वडिलांचं एचएमटी जनता दिवसाला अर्धा मिनिट इकडेतिकडे व्हायचं. ते रोज सकाळी रेडिओच्या बातम्यांना काटा जुळवायचे आणि चावी द्यायचे. त्यांची तक्रार कधी ऐकली नाही.

मोजताना रोज एकाच वेळी, फोनच्या घड्याळाशी, किमान पाच दिवस मोजा. एका दिवसाच्या आकड्याला अर्थ नाही. ठोके ऐकणारी मोबाइल ॲप ठीकठाक असतात, पण गोंगाटात काहीही दाखवतात. माझा भरवसा वहीवर. चुंबकत्व गेल्यावर उरलेले चार-पाच सेकंद रात्री घड्याळ कसं ठेवता त्यावरही सांभाळता येतात: तबकडी वर, बाजूची चावी वर किंवा चावी खाली. माझं चावी खाली ठेवलं की तीन सेकंद मागे येतं. तुमचं उलटही करेल, करून बघा.

टॅबलेटची चुंबकाची फ्लॅप, पर्सचं बटण, फोन अडकवायचं गाडीतलं स्टँड, यातलं काही रोज घड्याळाजवळ असतं का, तेही बघा. वॉरंटी असेल तर झाकण उघडू नका. डीमॅग्नेटायझरला झाकण उघडावं लागतच नाही.

पाच दिवसांचे आकडे इथेच टाका. आणि रात्री घड्याळ नेमकं कशावर ठेवता, ते सांगा.