वाचकांचे प्रश्न : गावाकडचं घर, शहरातलं घर

प्रश्न : आम्ही दोघं पुण्यात नोकरी करतो, सासू-सासरे सातारा जिल्ह्यात गावी असतात. त्यांच्यासाठी ‘इको शो’, म्हणजे ॲमेझॉनचा पडदा असलेला, बोलून चालवायचा स्पीकर घेतला आणि माझ्याच खात्यावर सुरू केला. आमच्याकडे ‘जेवायला चला’ अशी अनाउन्समेंट केली की ती गावीही वाजते! सासूबाईंचे हात पिठाचे असतात, त्यामुळे कॉल उचलायचा राहतो. आणि वीज गेली की सगळंच बंद. — एक वाचिका, पुणे

उत्तर : अनाउन्समेंट खात्यावरच्या सगळ्या इकोंवर जाते, कोणता कुठल्या गावी आहे हे तिला कळत नाही. सासऱ्यांच्या मोबाइल नंबरवर वेगळं खातं उघडा. गावचा इको तुमच्या खात्यातून डीरजिस्टर करून त्यावर घ्या आणि एकमेकांना काँटॅक्टमध्ये जोडा.

हात न लावता कॉल जोडायचा तर ‘ड्रॉप इन’ वापरा. त्याची परवानगी दोन ठिकाणी द्यावी लागते : इकोच्या सेटिंगमध्ये आणि त्यांच्या अलेक्सा ॲपमध्ये (इको चालवायचं मोबाइल ॲप) तुमच्या नावापुढे. बहुतेकांचं इथेच अडतं. दुसरी परवानगी राहिली की ड्रॉप इन जोडलाच जात नाही. ड्रॉप इन केल्यावर चित्र पहिले काही सेकंद धूसर असतं, मग स्पष्ट होतं. म्हणजे समोरच्याला सावरायला तेवढाच वेळ. त्यामुळे इको ओट्याजवळ ठेवा, झोपायच्या खोलीत नको. कॅमेऱ्यावरची सरकती झडप कशी लावायची ते सासूबाईंना आधी दाखवा. मुळात त्यांचा होकार असेल तरच हे चालू करा. न विचारता घरात डोकावणारी सून कुणालाच आवडत नाही.

आता विजेचं. राउटरच्या अडॅप्टरवरचं लेबल वाचा. बहुधा १२ व्होल्ट आणि १ ते २ अँपिअर असेल. त्याच व्होल्टचा आणि तेवढे अँपिअर देणारा मिनी यूपीएस (वीज गेल्यावर राउटर चालू ठेवणारी छोटी बॅटरी) घ्या. खोक्यावरच्या ८८०० एमएएचने हुरळू नका. तो आकडा सहसा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. ८.८ गुणिले ३.७ म्हणजे साधारण ३२ वॉट-तास. त्यातले २५-२६ हाती लागतात. ८ वॉटचा राउटर त्यावर तीन तास चालेल. फायबरचा डबा आणि वायफाय राउटर वेगवेगळे असतील तर दोन्हींना बॅकअप द्या, एकाला देऊन उपयोग नाही. इको शोमध्ये बॅटरी नसते, त्याचा प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवरच हवा. अनेक घरांत इन्व्हर्टर फक्त दिवे-पंख्यांना जोडलेला असतो, त्यामुळे ओट्याजवळचं सॉकेट त्यावर आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या. राउटरही इन्व्हर्टरवरच चालवणार असाल तर इन्व्हर्टर ‘यूपीएस मोड’वर ठेवा. नाहीतर वीज जाता-येता राउटर रीस्टार्ट होतो आणि दोन-तीन मिनिटं नेट नसतं.

एवढं करूनही वीज गेल्यावर नेट जात असेल तर फायबरच्या डब्यावरचा ‘लॉस’ दिवा पाहा. तो लाल असेल तर तारेतून प्रकाशच येत नाही, म्हणजे बिघाड बाहेर आहे. बहुधा केबलवाल्याच्या पेटीला बॅकअप नसतो. तिथे तुमचा यूपीएस काही करू शकत नाही. अशा वेळी मोबाइलचा हॉटस्पॉट हाच पर्याय.

प्रश्न : आई दुपारी घरी एकटी असते. पॅसेजमध्ये मोशन सेन्सर लावला आहे. थंडीत नीट चालला. मे महिन्यात मात्र ती घरात फिरत असतानाही ‘हालचाल नाही’ असा संदेश येतो. — एक वाचक, वर्धा

उत्तर : सेन्सर बिघडलेला नसावा. हे स्वस्त सेन्सर शरीराची उष्णता आणि मागच्या भिंतीची उष्णता यांतला फरक टिपतात. वैशाखात खोलीच ३६-३७ अंशांवर गेली की तो फरक जवळजवळ उरत नाही. उलट कूलरचा झोत थेट त्यावर येत असेल तर कुणी नसतानाही तो चाळवतो. जागा बदलून पाहा : जमिनीपासून दोनेक मीटर उंच, आणि माणूस त्याच्या समोरून आडवा जाईल अशी. समोरून चालत येणारा माणूस त्याला उशिरा दिसतो.

आमच्या मते उन्हाळ्यासाठी बाथरूमच्या दारावर चुंबकाचा डोअर सेन्सर लावणं जास्त भरवशाचं. एक तुकडा चौकटीवर, दुसरा दारावर, मध्ये सेंटिमीटरभर फट. लाकडी दार पावसाळ्यात फुगून पूर्ण लागत नाही आणि सेन्सर ‘उघडं’च दाखवत बसतो, तेव्हा जुलैत फट पुन्हा तपासा. लोखंडी दारावर लावू नका. लोखंडाने चुंबकही बिनसतो आणि वायरलेस सिग्नलही.

दार उघडलं की दर वेळी संदेश, अशी योजना करू नका; आठवड्याभरात तुम्ही ते वाचणं सोडाल. ‘सकाळी ६ ते १० दार एकदाही उघडलं नाही तर कळव’ असा नियम हवा. हा उलटा नियम सगळ्या ॲपमध्ये बसत नाही, म्हणून विकत घेण्याआधी दुकानात विचारा.

प्रश्न : मुलगा शाळेतून घरी आलेला असतो, पण गूगल मॅप्सवर तासभर शाळेतच दिसतो. — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : बॅटरी वाचवण्यासाठी त्याचा फोन मॅप्सला मागे झोपवतो. त्याच्या फोनवर मॅप्ससाठी बॅटरीचं बंधन ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करा आणि लोकेशनची परवानगी ‘नेहमी’ ठेवा. नावाखाली ‘४० मिनिटांपूर्वी’ असं काही दिसत असेल तर ती जुनी जागा आहे. तेव्हा शाळेत फोन लावण्याआधी त्यालाच लावा.