'केन्शन' म्हणजे किती कॉफी?

प्रश्न असा आहे: जर्मनीतल्या मेनूकार्डावर कॉफीपुढे 'टासे', 'बेशर', 'केन्शन' असे शब्द असतात, त्यांत फरक काय? आणि 'फिल्टरकाफे' म्हणजे आपल्याकडची मद्रासी फिल्टर कॉफीच का?

हे तिन्ही शब्द भांड्यांचे आहेत, कॉफीच्या प्रकारांचे नाहीत. टासे म्हणजे बशीसकट येणारा कप. हा शब्द फ्रेंचमधून आला, फ्रेंचमध्ये अरबीतून आणि अरबीत फारसी 'तश्त'वरून. आपलं हात धुवायचं 'तस्त' त्याच घराण्यातलं. बेशर हा बिनबशीचा मोठा मग. उत्तरेकडे त्यालाच 'पॉट' म्हणतात.

केन्शन मात्र नीट समजून घ्यावं. 'काने' म्हणजे किटली. तिला '-शन' हा लघुत्वाचा प्रत्यय लागला, 'का'चा 'के' झाला, आणि तयार झाली छोटी किटली. मराठीत वस्तू लहान झाली की बहुधा स्त्रीलिंगी होते, डबा-डबी, लोटा-लोटी. जर्मनमध्ये ती नपुंसकलिंगी होते. म्हणून स्त्रीलिंगी 'डी काने', पण नपुंसकलिंगी 'डास केन्शन'. यातला 'श' आपल्या 'श' आणि 'ह्य' यांच्या मधला. त्याचा 'ख' करू नये. केन्शनमध्ये साधारण दोन कप कॉफी मावते आणि दरही त्या मानानेच असतो, तेव्हा एकट्याने मागवताना विचार करावा. जुन्या काफेंमध्ये 'ड्राउसन नूर केन्शन', म्हणजे बाहेर बसणाऱ्यांना फक्त किटलीच, असा नियम असे. वेटरची एक फेरी वाचायची. नियम आता मागे पडला, पण आडमुठ्या सेवेबद्दल बोलताना हे वाक्य अजूनही ऐकू येतं.

मागताना मध्ये 'ची' किंवा 'चा' घालायचा मोह टाळावा. 'आयन केन्शन काफे, बिटं' ('बिटं' म्हणजे कृपया) एवढंच पुरे, जसं आपण 'एक कप चहा' म्हणतो. टासे स्त्रीलिंगी म्हणून 'आयनं टासे', बेशर पुल्लिंगी म्हणून 'आयनन बेशर'. पेयाचं नाव घेताना जोर 'का'वर द्यायचा. जोर 'फे'वर गेला की जर्मनीत त्याचा अर्थ कॉफीचं दुकान असा होतो. ऑस्ट्रियात पेयाच्या नावातही जोर 'फे'वरच असतो.

आता फिल्टरकाफे. नाव सारखं, वस्तू अगदी वेगळी. 1908 साली ड्रेस्डेनच्या मेलिटा बेन्ट्झ यांनी भोकं पाडलेल्या भांड्यात मुलाच्या वहीतला टिपकागद घालून कॉफी गाळली, त्या कागदी फिल्टरची ही कॉफी. लिटरभर पाण्याला साधारण 60 ग्रॅम पूड, पाणी उकळीच्या किंचित खाली. ती पातळ आणि काळीच येते. दूध वेगळं, बहुतेकदा 'काफेझाने' नावाची 10 टक्के स्निग्धांशाची साय छोट्या डबीत. त्यात दाट डिकॉक्शन शोधलं तर निराशाच होणार. दुधाळ हवी असेल तर 'मिल्शकाफे' मागावी.

चिकोरीचं, म्हणजे कॉफीत मिसळतात त्या भाजलेल्या मुळाच्या पुडीचंही तसंच. आपल्याकडच्या मिश्रणात ती चवीसाठी आवर्जून घालतात. जर्मनीत तिची ओळख टंचाईतली बदली कॉफी, 'मुकेफुक', अशी आहे. म्हणूनच खऱ्या बियांच्या कॉफीला 'बोनन्काफे' असा वेगळा शब्द करावा लागला.

आणखी एक शब्द फसवतो: 'आइसकाफे'. ही बर्फ घातलेली कॉफी नव्हे. उंच ग्लासात थंड कॉफी, त्यात व्हॅनिला आइस्क्रीमचे गोळे आणि वर फेटलेली साय असा प्रकार येतो. गोड नको असेल तर मागवण्याआधी विचारून घ्यावं.