विश्वास आहे ना, मग आनंद का वाटत नाही?

हा प्रश्न माझ्याकडे मन मोकळं करायला येणारी बरीच ख्रिस्ती मंडळी विचारतात, सरळ नाही, आडून. "माझीच श्रद्धा कमी पडतेय बहुतेक." एकाची गोष्ट सांगते, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

मालवणकडचा पोरगा, अठ्ठावीसचा. आई घेऊन आली. "झील माझो बोलणा नाय, जेवणा नाय, इगर्जीत (चर्चमध्ये) येणा नाय," एका दमात एवढं सांगून ती बाहेर पडवीत जाऊन बसली. पोराला जहाजावर नोकरी लागणार होती, एजंटने चार लाख घेतले, आईच्या पाटल्या गहाण पडल्या, गावात पार्टीपण झाली आणि मुंबईला गेल्यावर कळलं की असलं काही जहाजच नाही. (जाता जाता सांगते, भरती करणाऱ्याकडे डीजी शिपिंग या सरकारी खात्याचं आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचं, लायसन्स लागतं आणि नोकरी लावायचे पैसे खलाशाकडून घेणं नियमात बसत नाही. पैसे मागितले तिथेच उठायचं.)

त्याच्या हातात सीडीसी होतं, म्हणजे खलाशाच्या जहाजावरच्या नोकरीची नोंद होते ते पुस्तक, प्लॅस्टिकच्या पाऊचमध्ये, कोरं, आत एकही शिक्का नाही. बोलताना पाऊचचं बटण सारखं उघडत-लावत होता. टक. टक.

"सगळे सांगतात देवाची कायतरी योजना असतली. मी प्रार्थनेला बसलो की राग येतो मॅडम, मग रागाचीच भीती वाटते."

ते योजनेचं वाक्य मीपण सुरुवातीला लोकांना ऐकवलंय, आता लाज वाटते. खरं असेलही, पण जखम ओली असताना ते ऐकणाऱ्याचं तोंड बंद करतं.

आधी झोपेचं विचारलं, जेवणाचं विचारलं, मग सरळ विचारलं, मरावंसं वाटतं का. "एक-दोनदा वाटला." हे नुसतं प्रार्थनेवर सोडायचं नसतं. त्याला विचारून आईला आत बोलावलं, डॉक्टरांकडे पाठवलं, टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर दोघांच्या मोबाइलमध्ये सेव्ह करून दिला, तो रात्रीअपरात्रीपण लागतो. बायबलमध्ये एलीया संदेष्टा झाडाखाली बसून "आता पुरे, माझा जीव घे" म्हणतो तेव्हा देवदूत त्याला प्रवचन देत नाही, उठ आणि खा म्हणतो, तो खाऊन परत झोपतो तर पुन्हा उठवून खायला लावतो. आम्ही पहिले तीन आठवडे एवढंच केलं, पेज, झोप आणि पोलिसात तक्रार.

मग 13 वं स्तोत्र वाचलं. त्याची सुरुवातच "कुठवर मला विसरणार" अशी आहे. तो चकित झाला, "ह्या बायबलात आसा?" म्हटलं, आहे, आणि असली बरीच आहेत, तूपण एक लिही, मालवणीत लिही, शिव्या आल्या तरी खोडू नकोस. दीड पान लिहून आणलं. वाचून दाखवताना रडला आणि त्या दिवशी पाऊच खिशातच राहिलं.

योहानाचा 21 वा अध्याय मात्र त्यानेच काढला, कारण तो मासेमारीचा आहे. शिष्य रात्रभर जाळी टाकतात, हाताला काही नाही, पहाटे किनाऱ्यावर येशू उभा, जाळं 153 माशांनी भरतं आणि वर येऊन बघतात तर निखाऱ्यावर मासे भाजत ठेवलेले. शाळेत घ्यावी तशी झाडाझडती नाही, आधी या, न्याहारी करा. "पण 153 मासे मोजले कोणी?" हा त्याचा प्रश्न. मला येत नव्हतं, सांगून टाकलं.

काका रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायला जायचे, हा लाजेने किनाऱ्यावर फिरकत नव्हता. लोक विचारतील ना, जहाजाचं काय झालं. एका पहाटे गेला. विचारलं लोकांनी, याने सांगितलं बुडाले पैसे, कोणीतरी त्या एजंटला कचकचीत शिवी घातली आणि दोर याच्या हातात दिला.

पैसे अजून मिळालेले नाहीत. इगर्जीत जातो पण मागच्या बाकावर बसतो, गाणी म्हणतो असं आई सांगते. मागच्या महिन्यात माझ्याकडे आला तो पिशवी घेऊन, रापणीतल्या त्याच्या वाट्याचे बांगडे, टेबलावरचे कागद ओले केले. मी म्हटलं, किती रे आणलेस एवढे?

"मोजलंय मॅडम. 153 नाय, बाराच आसत." आणि हसला.